दादाला घेऊन सर्फिंग शिकायला गेले ते सहा दिवस

पहिला दिवस

दुपारी तीनला पोचलो, सामान खोलीत टाकलं आणि तिघंही सरळ पाण्याकडे. तिघं म्हणजे मी, माझा मोठा भाऊ आणि त्याची सोळा वर्षांची लेक. सुट्टी तिनेच ठरवली होती, सर्फिंगचे धडे घ्यायचे हा हट्टही तिचाच. "आत्या तू हो म्हण, तू हो म्हणलीस की बाबा येतातच" असं म्हणून तिने आधी मला गाठलं. दादा आला खरा, पण तो काठावर बसायच्या तयारीने. बारा वर्षांचा असताना तो नदीत ओढला गेला होता, कुणीतरी केसाला धरून बाहेर काढला, तेव्हापासून वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर कधी गेला नाही. पोहता येतं त्याला, नंतर जिद्दीने पूलमध्ये शिकला, तळ दिसत असेल तिथे आरामात पोहतो, पण समुद्र म्हणलं की नको. मी यावरून त्याला कधी चिडवलेलं नाही आणि कुणाला चिडवूही देत नाही, त्या दिवशी मी पण तिथे होते, आठ वर्षांची, आणि आईचा तो आवाज मला अजून आठवतो.

संध्याकाळी सर्फ स्कूलमध्ये नावं द्यायला गेलो. एक बॅच दहा-बारा जणांची होती आणि एक फक्त चार जणांची, चौघांना एक इन्स्ट्रक्टर, तीन दिवस तेच चौघं. मी चारचीच घ्यायची म्हणून अडून बसले, दोन दिवस कमी राहिलो असतो तरी चाललं असतं पण यात तडजोड नको होती. त्यांनी फॉर्म दिला त्यात पोहता येतं का, किती वेळ, खांद्याचं-मानेचं-पाठीचं दुखणं, दमा, फिट येते का, सगळं विचारलं होतं आणि नंतर इन्स्ट्रक्टरने तो फॉर्म समोर बसून वाचला, नुसता फाइलला लावला नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, जिथे हे विचारत नाहीत तिथे पाण्यात उतरूच नका. दादा म्हणाला, "माझं नाव लिही, पण मी उतरेनच असं नाही." इन्स्ट्रक्टर म्हणाला चालेल, वाळूवरचा धडा तरी घ्या. चौथ्या होत्या एकसष्ट वर्षांच्या एक बाई, एकट्याच फिरायला आलेल्या, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. पाच मिनिटांत त्या आमच्या मावशी झाल्या.

दुसरा दिवस

सकाळी सातला बोलावलं होतं. वाटलं होतं की लगेच बोर्ड हातात मिळेल, पण इन्स्ट्रक्टरने आम्हाला वाळूवर पाण्याकडे तोंड करून बसवलं आणि म्हणाला, "आधी वीस मिनिटं फक्त बघा. लाट कुठे फुटतेय, कुठे फुटत नाहीये, किती वेळाने येतेय."

ही वीस मिनिटं मी कधी विसरणार नाही. इतक्या वेळा समुद्रावर गेलेय पण समुद्राकडे असं बघितलंच नव्हतं. आधी सगळं एकसारखंच दिसतं, नुसता आवाज आणि फेस, आणि मग हळूहळू दिसायला लागतं की लाटा जथ्याने येतात, तीन-चार-पाच मोठ्या, मग थोडा वेळ शांत, मग परत. त्या जथ्याला सेट म्हणतात. पुतणी मोबाइलवर सेकंद मोजत होती, एका लाटेपासून दुसरीपर्यंत साधारण अकरा. इन्स्ट्रक्टरने काडीने वाळूत आकृती काढली आणि सांगितलं की हा अकरा आकडा म्हणजे पिरिअड, ही लाट इथल्या वाऱ्याने झालेली नाही, कुठेतरी लांब वादळ झालं असणार आणि ती तिथून आलीये. खोल समुद्रात अशा दोन लाटांच्या माथ्यांमध्ये जवळपास 190 मीटर अंतर असतं. आणि गंमत म्हणजे पाणी तिथून येतच नाही, पाणी जागच्या जागी गोल फिरतं, पुढे सरकते ती नुसती ऊर्जा. तळ जवळ आला की लाट तळाला घासायला लागते, खालून तिचा वेग कमी होतो, मागून येणारी ऊर्जा दाटत जाते म्हणून ती उंच होते, आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण 1.3 पट उरली की फुटते. म्हणजे तीन फुटी लाट चार फूट पाण्यात. "लाट कुठे फुटतेय ते बघितलं की तिथे पाणी किती खोल ते न उतरता कळतं," तो म्हणाला. दादा पहिल्यांदा पुढे सरकून बसला. दादा आयुष्यभर पाण्याच्या टाक्या आणि पंपांचं काम करत आलाय, खोली आणि दाब ही त्याची भाषा.

मग इन्स्ट्रक्टरने उजवीकडे बोट दाखवलं. तिथे एक पट्टा होता जिथे लाटा फुटतच नव्हत्या, पाणी थोडं गडद, आजूबाजूला पांढरा फेस आणि मध्ये ही शांत गल्ली. "नवीन माणूस कुठे उतरेल?" मी आणि मावशी एकदमच म्हणालो, तिथेच. तर तो रिप करंट. लाटांनी काठावर ढकललेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोल घळीतून सुसाट बाहेर जातं, कधीकधी सेकंदाला अडीच मीटरपर्यंत, म्हणजे ऑलिंपिकच्या पोहणाऱ्यापेक्षाही जास्त वेगाने. त्याने आम्हा प्रत्येकाकडून वदवून घेतलं: रिप खाली ओढत नाही, बाहेर ओढतो. काठाच्या दिशेने झुंजायचं नाही, माणूस दमतो आणि दमल्यामुळे बुडतो. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि ताकद असेल तर काठाला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला व्हायचं आणि मग फुटणाऱ्या लाटांबरोबर आत यायचं.

दादा बराच वेळ गप्प होता. मग हळूच मला म्हणाला, "मी तेव्हा काठाकडेच पोहत होतो." एवढंच. नदी आणि समुद्र वेगळे हे त्यालाही माहिती आहे मलाही, पण चाळीस वर्षांनी त्याने त्या दिवसाबद्दल स्वतःहून काढलेला हा पहिला शब्द.

बोर्ड मिळाले ते फोमचे, नऊ-नऊ फुटी, वरून मऊ, डोक्यात बसला तरी बरं म्हणून नवशिक्यांना हेच. पुढचं टोक नोज, मागचं टेल, कडांना रेल, खाली मागे फिन, आणि टेलला बांधलेला तो पट्टा म्हणजे लीश, तो मागच्या पायाच्या घोट्याला. मागचा पाय कुठला हे कळायला त्याने न सांगता पाठीमागून हलकासा धक्का दिला, जो पाय आपोआप पुढे पडला तो पुढचा. डावा पुढे ते रेग्युलर, उजवा पुढे ते गूफी. मी गूफी निघाले. लीश कधीही हाताला किंवा बोटाला गुंडाळायची नाही, लाटेचा हिसका बसला तर बोट जातं. बोर्ड कधीही आपल्या आणि लाटेच्या मध्ये धरायचा नाही, बाजूला धरायचा, नोज लाटेकडे. आणि पडताना डोकं खाली करून सूर मारायचा नाही, आडवं पसरून पडायचं, वर येताना दोन्ही हात डोक्यावर.

मग पॉप-अप, म्हणजे पालथं असताना एका झटक्यात बोर्डावर उभं राहणं. वाळूत बोर्डाचा आकार काढला आणि त्यावर पालथं पडून पंचवीस-तीस वेळा उठलो असू. तळहात छातीच्या खालच्या बरगड्यांपाशी सपाट टेकवायचे, रेल पकडायचे नाहीत, छाती उचलायची, मागचा पाय आडवा, पुढचा पाय दोन हातांच्या मधोमध, गुडघे वाकलेले, पाठ सरळ, नजर समोर. माझी नजर सारखी पायांकडे जायची आणि तो दर वेळी म्हणायचा, "वर बघा, जिकडे बघाल तिकडे जाल." चौघंच असल्यामुळे एकाही पॉप-अपमधून सुटका नव्हती. बाजूला मोठी बॅच चालू होती, तिथला मागच्या रांगेतला एक मुलगा पूर्ण वेळ रेल पकडून उठत होता, त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, मला जाऊन सांगावंसं वाटत होतं.

पाण्यात कंबरेपर्यंत गेलो, फुटून आलेल्या फेसाळ लाटेवर. इन्स्ट्रक्टर बोर्ड धरून थांबायचा, मागे बघायचा, मग "पॅडल, पॅडल, पॅडल, उठा" (पॅडल म्हणजे पालथं पडून हातांनी पाणी मागे सारणं) आणि एक ढकल. पहिल्या पाच-सहा वेळा उठायच्या आधीच पडले. सातव्या वेळी फक्त गुडघ्यांवर आले पण बोर्ड चालतच राहिला आणि मला काठाच्या वाळूपर्यंत नेऊन सोडलं, खालून येणारा तो सरसर आवाज, बोर्डाखालून पाणी पळतंय तो, पोटातून ऐकू येतो. पुतणी तिसऱ्या लाटेला उभी राहिली. मावशी दुसऱ्या तासात उभ्या राहिल्या, हात पसरून, आणि पडेपर्यंत ओरडत होत्या.

दादा गुडघाभर पाण्यात उभा राहून आमचे सुटलेले बोर्ड पकडून देत होता.

तिसरा दिवस

सकाळी उठले तर हात खांद्याच्या वर जाईना. बरगड्या दुखत होत्या, पोटावर आणि गुडघ्यांना फोमने घासून लाल चट्टे, मावशींनी आधीच सांगितलं होतं की पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे अंग घासू नये म्हणून पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट, घे आणि मी अर्ध्या बाह्यांचा आणला होता. आणि एक गोष्ट कुणीच सांगत नाही ती सांगते, रात्री चप्पल घालायला वाकले तर नाकातून एकदम समुद्राचं पाणी, चमचाभर तरी, पाण्यातून निघून बारा तास झाले होते. डोळे मिटले की पलंग वरखाली होत होता, झोप मात्र अशी लागली की बस.

आज धडा सातला नाही, आठला. भरती रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा येते, अष्टमीच्या आसपास त्याहून थोडी जास्तच, आणि या किनाऱ्यावर पाणी चढत असताना लाट चांगली फुटते म्हणून धड्याची वेळ रोज सरकते. दादाने कालच रात्री कॅलेंडर बघून ठेवलं होतं, अष्टमी म्हणजे भांगाची भरती, पाणी फार चढत नाही फार उतरत नाही, उधाणासारखी ओढ नाही. मला वाटलं तो माहिती सांगतोय. तो विचार करत होता.

सकाळी तो स्वतःच इन्स्ट्रक्टरला म्हणाला की आज येऊन बघतो.

इथे मला त्या इन्स्ट्रक्टरबद्दल लिहायचंय. वयाने तिशीतला असेल. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, "काही होत नाही हो" म्हणाला नाही. आम्हा तिघींना फेसात आपापल्या लाटा पकडायला सांगितलं, कुठल्या दोन खुणांच्या मध्येच राहायचं ते दाखवलं आणि दर मिनिटाला मान वळवून आम्हाला मोजत राहिला, पण उभा राहिला दादाजवळ. बोर्ड न घेता. दोघं मांडीभर पाण्यात, लाट आली की उडी, लाट आली की उडी. मग कंबरभर. मग तो म्हणाला, "आता लाट अंगावर येऊ दे, श्वास धरा आणि खाली बसा, मी दंड धरतो." दादा खाली गेला. मी माझा बोर्ड धरून तशीच उभी, तीन लाटा सोडल्या मी. दादा वर आला, डोळे पुसले, म्हणाला, "वर गेली." लाट वरून निघून गेली, असं. मग परत खाली बसला. दहा-बारा वेळा तरी.

शेवटच्या वीस मिनिटांत बोर्डावर पालथा झोपला आणि फेसाच्या लाटेवर आला काठापर्यंत, उठायचा प्रयत्नही न करता, दोन्ही हातांनी रेल घट्ट पकडून. त्या वेळी रेल पकडू नका असं इन्स्ट्रक्टर काहीच म्हणाला नाही. वाळूत बोर्ड टेकला तरी दादा उठेना, मी धावत गेले, वाटलं लागलं की काय, तर तो तसाच पालथा, गाल बोर्डावर टेकवून, आणि रडत होता. पुतणी येऊन त्याच्या पाठीवर आडवी पडली. मी काय करत होते ते मला आठवत नाही.

चौथा दिवस

धडा नाही. रात्रीतून वारा फिरला, समुद्राकडून काठाकडे सुटला, लाटा सगळ्या विस्कटलेल्या, पाच-सहा सेकंदांवर एकेक. इन्स्ट्रक्टरने नकार दिला, हरकत नाही, शरीराला आरामच हवा होता. लांब काठावर चाललो आणि मावशींनी ड्यूक कहानामोकूची गोष्ट सांगितली ती मी इथे लिहून ठेवते. हवाईचा माणूस, 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये आणि परत 1920 मध्ये अँटवर्पला 100 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण. जिथे पोहायला जायचा तिथे सर्फिंग दाखवायचा, सिडनीच्या फ्रेशवॉटर बीचवर तिथे मिळालेल्या लाकडाचा बोर्ड स्वतः घडवून लोकांना दाखवलं ते 1914-15 चं. आणि 1925 मध्ये कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचजवळ एक मासेमारीची बोट उलटली तेव्हा लाटांमधून बोर्डावर खेपा करून त्याने एकट्याने आठ जणांना बाहेर काढलं. तेव्हा लीश नव्हती बरं का, लीश आली 1970 च्या सुमारास. हात सुटला की बोर्ड गेला.

हवाईच्या भाषेत सर्फिंगला हे नालू म्हणतात, लाटेवरून घसरणं. मला सर्फिंगपेक्षा हा शब्द जास्त आवडला.

पाचवा दिवस

दहाचा धडा, शेवटचा. वारा पडला होता, पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत.

इन्स्ट्रक्टर म्हणाला की आज पुतणी, मी आणि मावशी न फुटलेल्या लाटेसाठी थोडं आत जायचं, आणि दादाने फेसात उभं राहायचा प्रयत्न करायचा. त्याच्या मदतनीस मुलीला त्याने दादापाशी ठेवलं आणि तो आमच्याबरोबर आला. आत जाताना लाट समोरून येते तेव्हा बोर्डावर हातांनी अंग उचलायचं, लाट अंग आणि बोर्डाच्या मधून निघून जाते, नाहीतर सगळी मेहनत एका लाटेत परत काठावर. पॅडल मारून खांदे पेटले होते अक्षरशः. आणि मग फुटायच्या रेषेच्या पलीकडे गेलो आणि सगळं थांबलं. आवाजच नाही. बोर्डावर बसून पाय खाली सोडले, पाणी वर घेतं, खाली ठेवतं. तिथे त्याने नियम सांगितले, लाटेच्या फुटणाऱ्या टोकाला जो सगळ्यात जवळ लाट त्याची, दुसऱ्याने मागे व्हायचं, दुसऱ्याच्या लाटेवर शिरायचं नाही, भांडणं आणि अपघात बहुतेक याच्यावरूनच होतात.

माझी पहिली लाट माझ्या खालून निघून गेली. मी बोर्डावर फार मागे होते, नोज वर, टेल बुडलेलं, म्हणजे ब्रेक लावूनच बसले होते. तो म्हणाला चार बोटं पुढे सरका. पुढच्या लाटेला जास्तच सरकले, नोज बुडालं आणि मी बोर्डावरून पुढे फेकले गेले, खाली गेल्यावर वर कुठे ते कळेना, पण हात डोक्यावर गेले होते आपोआप, वर आले तर बोर्ड लीशला शेजारीच. नोज पाण्याच्या तीन-चार बोटं वर राहील अशी जागा एकच असते, तिथे पेनने खूण करून ठेवावी असं वाटलं, आणि खरंच नंतर मावशींनी त्यांच्या बोर्डावर वॅक्सच्या तुकड्याने खूण केली.

तिसरीला मागून पाणी उचलल्यासारखं झालं, दोन पॅडल जास्त मारले, तो ओरडला "आता", आणि मी वर बघितलं. पायांकडे नाही. काठावरची झाडं दिसली, झाडांच्या वर आभाळ, बोर्ड उतारावरून खाली निघाला होता आणि मी त्याच्यावर उभी होते. फेसाची लाट ढकलते, ही लाट ढकलत नाही, ही उचलून घेते. किती वेळ? पुतणीने नंतर सांगितलं सहा सेकंद. उजवीकडे माझ्या बाजूला लाटेचा हिरवा काचेसारखा भाग होता आणि त्यातून खालची वाळू दिसत होती, वाळूवरच्या रेघासुद्धा.

पडले, वर आले, आणि काठाकडे बघते तर दादा फेसात उभा. बोर्डावर. गुडघे वाकवून, तोंड घट्ट मिटून, नजर समोर. मदतनीस मुलगी बाजूने धावत होती. मी समुद्रात, तो काठाजवळ, एकाच वेळी, मी काही ओरडले पण तिथपर्यंत पोचलं नसेल. तीन सेकंद असतील त्याचे. पडला, पाण्याखाली पूर्ण गेला, उठला आणि बोर्ड ओढत परत आतच वळला.

दोन तास संपले तरी तो बाहेर येईना, इन्स्ट्रक्टर पण थांबला अजून अर्धा तास, घड्याळाकडे न बघता.

सहावा दिवस

गाडी अकराची. सामान बांधून आठला शेवटचं पाण्यावर गेलो, मावशी पहाटेच निघाल्या होत्या. दादा चप्पल हातात घेऊन उभा राहिला आणि काही न बोलता बघत बसला, मला कळलं की मोजतोय. पिरिअड दहा, म्हणाला. मग म्हणाला, "गल्ली सरकलीये बघ." खरंच, रिपचा पट्टा परवाच्या जागेवर नव्हता, शंभर पावलं तरी डावीकडे आला होता, वाळू हलली की तो पण हलतो.

आणि नेमकं तिथेच एक बाबा दोन लहान मुलांना घेऊन पाण्यात शिरत होता, धाकट्याच्या हातात रबरी रिंग. साहजिक आहे, तिथेच पाणी शांत होतं.

मी काही म्हणायच्या आत दादा निघाला. पळाला नाही, भरभर चालत गेला, पाण्यातून, घोटा, गुडघा, मांडी, पँट भिजत गेली त्याची. लांबून ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं, तो हाताने पट्टा दाखवतोय, मग फेसाकडे बोट, मग परत पट्टा, मोठी मुलगी मान वर करून ऐकतेय. मग त्याने धाकट्याला उचलून कडेवर घेतलं आणि ते चौघं फेस फुटत होता त्या बाजूला गेले, आणि दादा तिथे त्यांच्याबरोबर मांडीभर पाण्यात उभा राहिला. लाट आली की पोरांना सांगत होता, उडी.

पुतणी म्हणाली, "आत्या, गाडी."

म्हणलं, अजून वेळ आहे.